रुमालाखालचा हात

गुरुवारी दुपार कलल्यावरची असरची नमाज आटोपली की दुबईतल्या देऱ्यातली निम्मी कोकणी वस्ती लाकडाच्या वखारीमागच्या अंगणात लोटायची. पुरुष चटयांवर, बायका गच्चीवर, आणि पोरं जिथं जागा मिळेल तिथं. श्रीवर्धनचे, म्हसळ्याचे, दापोलीचे, सगळे. एरवी ही माणसं धक्क्यावर गोणी मोजताना एका गोणीवरून सख्ख्या भावाशी भांडतील. पण इथं आली की मूग गिळून बसायची.

कारण मधल्या तख्तावर मुन्नी बसलेली असायची. मुन्नी म्हणजे चिंपांझीचं पिल्लू. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वासे घेऊन आलेल्या गलबतातून ते दुबईत उतरलं होतं. शेपूट नाही, कान पापडासारखे, आणि डोळे असे की एकदा बघितलं की माणूस नजर फिरवून घ्यायचा. अंगात गुलाबी फ्रॉक, गळ्यात भरतकाम केलेलं लाळेरं, शेजारी दुधाची बाटली. रात्री ती पाळण्यात झोपते, असं सांगायचे. १९६९ साल होतं. माणूस चंद्रावर जाऊन आला होता, तेव्हा वानराचं पोर पाळण्यात झोपलं तर त्यात काय एवढं, असं लोक म्हणायचे.

"भाइयो, ये जादू नहीं है!" प्रोफेसर हमदुल्ला हात उंचावून सुरुवात करायचा. "जादू हराम है. ये रिसर्च है, रिसर्च! अमरीका में बडे बडे साइंटिस्ट लोग वानराची पोरं स्वतःच्या घरात वाढवतात. का? कारण त्यांच्या भेज्यात भाषा आहे, फक्त जीभ नाही. म्हणून ती हातानं बोलतात. मी तिथं लँग्वेज प्रोग्राममध्ये होतो. सगळं सोडून आलो. का? कौम के वास्ते!"

जादू नाही म्हटल्यावर लोकांचा जीव भांड्यात पडायचा. जादू मानू नका, असं मौलवी बजावून सांगत. रिसर्च मानू नका असं कोण सांगणार? अमेरिकेत असले प्रयोग चालतात हेही खोटं नव्हतं. खोटं नेहमी खऱ्याचंच बोट धरून चालतं.

मुन्नीपुढं चार पाट्या मांडलेल्या असत. हिरवी म्हणजे हो, तांबडी म्हणजे नाही, पांढरी म्हणजे थांबा, आणि काळी म्हणजे मौत. कुणी विचारायचं, माझा भाऊ लाँचमधून निघालाय, पोहोचेल का? प्रोफेसर डोळे मिटायचा, काहीतरी इंग्रजी पुटपुटायचा, आणि मुन्नी उजवा हात उचलून एका पाटीवर ठेवायची. लगेच तिला खजूर मिळायचा. बहुतेक वेळा हात पांढऱ्या पाटीवर पडे. थांबा. चार-सहा दिवसांनी लाँच लागली की लोक म्हणत, बघा, मुन्नी बोलली तसंच झालं! 'थांबा' हे उत्तर कधी खोटं पडत नाही, एवढं मात्र कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

तिचा डावा हात कायम प्रोफेसरच्या उजव्या हातात असायचा आणि त्या दोन हातांवर हिरवा रुमाल. "डावा हात मजलिसमध्ये उघडा टाकणं बेअदबी," प्रोफेसर सांगायचा. "मी तिला तहजीब शिकवलीय." हे ऐकून तर म्हाताऱ्या पाघळायच्या. हव्वाबी घरी जाऊन नातवाला डाव्या हातानं भाकरी मोडताना बघायची आणि ओरडायची, "शिक काहीतरी त्या जनावराकडून!"

नातू ओरडणं ऐकायचा नाही. अजीजला ऐकूच येत नव्हतं.

अजीज चार वर्षांचा होता. गावी असताना त्याला गोवर आला, मग कान वाहू लागले, आणि जी दोन-चार अक्षरं तो बोलायचा तीही गेली. बाप खैरुद्दीन इथं एका व्यापाऱ्याच्या गोदामाच्या किल्ल्या सांभाळायचा. मोठ्या मिनतवारीनं त्यानं आई हव्वाबी, बायको शहरबानू, अजीज आणि अंगावर पिणारी कुलसुम, सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. घराच्याच अंगणातल्या दुसऱ्या खोलीत धाकटा भाऊ गनी आणि त्याची बायको रशीदा राहायची. रशीदा मुंबईत शिकलेली नर्स, देऱ्यातल्याच एका हॉस्पिटलात नोकरीला. तिला मूल नव्हतं. अजीज आईच्या खालोखाल तिच्याच मांडीवर असायचा, आणि तिच्या पांढऱ्या गणवेशाची बटणं चोखून चोखून त्यानं पिवळी केली होती.

प्रोफेसरची नजर अजीजवर गेली त्याला दोन महिने झाले होते.

"या बच्च्याकडं जीभ आहे, भाषा नाही. मुन्नीकडं भाषा आहे, जीभ नाही," तो खैरुद्दीनला म्हणाला. "दोघांना एका ताटात जेवू द्या, एका चटईवर बसू द्या. इसका उसको, उसका इसको. प्रोग्राम पुरा, तो बच्चा फटाफट बोलेगा! पण एक कंडिशन. औषधाचा वास चालणार नाही. औषध झालं की मुन्नीचं डोकं बंद. खलास."

खैरुद्दीन काही अडाणी नव्हता. इंग्रजी तारा वाचायचा, शेठचा हिशेब ठेवायचा. पण मुक्या मुलाचा बाप होता. मुलाच्या तोंडून एकदा 'अब्बा' ऐकण्यासाठी त्यानं वानराच्या ताटात काय, विस्तवात हात घातला असता. हॉस्पिटलातली पेनिसिलिनची इंजेक्शनं त्यानं मधेच बंद केली. रशीदा भांडली, रडली, गनीकडून सांगून बघितलं. गनी पडला धाकटा. तो म्हणाला, "भाईजानचा मुलगा आहे. आपण किती बोलणार?"

मग अजीजच्या कानामागं सूज आली. लाल, गरम, हात लावला की पोर किंचाळायचं. कानाची पाळी पुढं ढकलली गेली होती. त्या गुरुवारी सकाळी रशीदानं कुणाला न विचारता त्याला डॉक्टरांसमोर नेऊन उभं केलं. डॉक्टरांनी बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कानामागचं हाड सडतंय, सिस्टर. पू मेंदूकडं सरकला तर माझ्या हातात काही राहणार नाही. आजच ऑपरेशन. बापाला घेऊन या."

ती धावत घरी आली. खैरुद्दीन जेवायला आला होता. त्यानं सगळं ऐकलं. घास हातातच राहिला.

"डोक्याला चाकू लावणार?"

"कानामागं, भाईजान. नाही लावला तर पोर हातचं जाईल."

"प्रोग्रामचं काय?"

"कसला प्रोग्राम? त्याला ताप आहे, मान वळवता येत नाही त्याला! बघा तरी."

खैरुद्दीननं बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, रशीदाला ते दिसलं, म्हणूनच तिचा राग आणखी भडकला. निर्दयी बापाशी भांडणं सोपं. हा तर पोरावर जीव टाकणारा बाप होता.

"आज गुरुवार," तो शेवटी म्हणाला. "असरनंतर मुन्नीला विचारतो. ती हो म्हणाली तर तिथून थेट हॉस्पिटल. इन्शाल्ला."

"आणि नाही म्हणाली तर?"

त्यानं ताट बाजूला सारलं. संमती त्याचीच लागणार होती, त्यामुळं रशीदानं तोंड मिटलं. शहरबानू कुलसुमला पाजत भिंतीकडं तोंड करून बसली होती. नवऱ्याच्या आणि सासूच्या पुढं तिनं आजवर कधी ब्र काढला नव्हता.

संध्याकाळी अजीजला मुन्नीशेजारी बसवायचं म्हणून रशीदा त्याला घेऊन थेट तख्ताला टेकून बसली. एरवी ती गच्चीवर असायची. तिथून फक्त फ्रॉक आणि रिबन दिसायची. आज तिला मुन्नीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. पोराचं डोकं तिच्या खांद्यावर तापलेल्या तव्यासारखं टेकलं होतं.

म्हसळ्याच्या एका माणसानं पहिला सवाल टाकला. गावच्या जमिनीचं भांडण मिटेल का? प्रोफेसरनं डोळे मिटले. हिरव्या रुमालाला एक बारीक सुरकुती पडली. मुन्नीनं डोळे गच्च आवळले, ओठ मागं खेचले, आणि तिचा उजवा हात झपाट्यानं पांढऱ्या पाटीवर गेला. थांबा.

"सुभानअल्ला! बघा, बघा, बच्ची हंसती है!" प्रोफेसर म्हणाला.

हसत नव्हती. रशीदानं वॉर्डात शेकडो पोरांना इंजेक्शनं दिली होती. सुई टोचताना पोरं ओठ कशी खेचतात हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसरा सवाल. पुन्हा रुमालाला सुरकुती, पण जरा अलीकडं. पुन्हा आवळलेले डोळे. हात हिरव्या पाटीवर.

आणि रशीदाला एकदम तिचा बाप आठवला. तो कोकणात गुरांचा दलाल होता. बाजारात भाव तोंडानं बोलायचा नाही, नाहीतर चार लोक ऐकतात. खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. वर हवापाण्याच्या गप्पा आणि खाली बैलाचा सौदा. लहानपणी तो तिला मांडीवर घेऊन तसंच आकडे शिकवायचा. कुठलं बोट दाबलं ते ओळख बघू, म्हणायचा. रुमालाखाली सगळं बोलता येतं, हे तिला अक्षरं यायच्या आधी येत होतं.

चार बोटं. चार पाट्या. ज्या हाताला सगळी वस्ती अदब म्हणून मान डोलवत होती, त्या हाताची सौद्यातल्या बैलासारखी गत झाली होती.

"अब हमारे प्रोग्राम का बच्चा!" प्रोफेसर म्हणाला. "बोला खैरुद्दीनभाई."

खैरुद्दीन उठून उभा राहिला. "मुन्नी... डॉक्टर अजीजचं ऑपरेशन म्हणतात. करू का?"

प्रोफेसरनं मान वर केली, डोळे मिटले, इंग्रजी पुटपुटायला लागला. रशीदानं अजीजला चटईवर टेकवलं. वाकून तिनं रुमालाच्या कडेखाली हात घातला. वानराची बोटं लांब असतात, बाईच्या बोटांएवढी. तिनं त्या हाताचं मनगट धरून तो हलकेच मागं ओढला आणि त्या जागी स्वतःची चार बोटं सरकवली. मुन्नीनं हात सुटल्याबरोबर तो तोंडात घातला.

प्रोफेसरच्या सवयीच्या अंगठ्यानं तिचं पहिलं बोट चाचपलं, दुसरं चाचपलं, आणि तिसऱ्यावर थांबला. मग रशीदाला अशी कळ लागली की तिचे ओठ आपोआप मागं खेचले गेले.

"पांढरी!" ती ओरडली. "थांबा! आता हिला विचारा, भाईजान. हिनं अजून पाटीला हात लावलेला नाही. उत्तर माझ्या बोटाला मिळालंय!"

प्रोफेसरनं डोळे उघडले. मुन्नी आपला हात चोखत गप्प बसली होती. पाट्यांकडं तिचं लक्षसुद्धा नव्हतं. रशीदानं रुमाल ओढून फेकून दिला. प्रोफेसरच्या अंगठ्यात अंगठी होती. तिची बैठक तळव्याच्या बाजूला वळवलेली, आणि खड्याच्या जागी टाचणीचं टोक. रशीदाच्या तिसऱ्या बोटावर रक्ताचा थेंब उभा राहिला होता.

"कुठल्या बाजारात दलाली करत होता, प्रोफेसर? पहिलं बोट हो, दुसरं नाही, तिसरं थांबा, चौथं मौत. बरोबर पाटीवर हात पडेपर्यंत टोचत राहायचं, आणि पडला की खजूर द्यायचा. हाच ना तुमचा लँग्वेज प्रोग्राम?"

"इस औरत पे जिन्न का साया है!" प्रोफेसर किंचाळला. "रिसर्चची बेअदबी—"

"मग एकच करा. रुमाल नको, अंगठी नको. तुम्ही पलीकडच्या खोलीत बसा, आणि मी हिला विचारते. भाषा हिच्या डोक्यात असेल तर तुमची गरज काय?"

प्रोफेसर जागचा हलला नाही. लोकांना तेवढं पुरलं. रशीदानं मुन्नीचा डावा हात हळूच उचलून सगळ्यांना दाखवला. चारी बोटांची टोकं सुजून काळी पडली होती, खपल्यांवर खपल्या धरल्या होत्या, आणि तिसऱ्या बोटाचं नख जागेवर नव्हतं. 'थांबा' हे उत्तर सगळ्यात जास्त वेळा दिलं गेलं होतं ना.

गच्चीवरून कुणीतरी हुंदका दिला. खाली मात्र आधी चप्पल उडाली. माणसाची फसवणूक झाली की त्याला मारायला कुणीतरी लागतं. ती चप्पल प्रोफेसरला नाही, मुन्नीलाच लागली. त्या गदारोळात प्रोफेसर वखारीच्या मागच्या दारानं निसटला. पुन्हा तो देऱ्यात कुणाला दिसला नाही.

खैरुद्दीन दगडासारखा उभा होता. रशीदानं त्याचा दंड धरून हलवला. "भाईजान! यल्ला, चला! टॅक्सी बघा!" तेव्हा कुठं त्यानं पोराला उचललं. मुन्नी रशीदाच्या कमरेला घट्ट बिलगली होती. तिला सोडवायला वेळ नव्हता, म्हणून तीही टॅक्सीत आली.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं. कानामागं जे होतं ते त्यांनी काढलं. पण पू त्यांच्या आधी आत पोहोचला होता. पुढचे काही दिवस अजीजला झटके येत राहिले, आणि मग एका दुपारी तेही थांबले.

"सुरुवातीची इंजेक्शनं पुरी केली असती तर चाकू लावावाच लागला नसता," डॉक्टर खैरुद्दीनला म्हणाले. त्यांनी हे बोलायला नको होतं, असं गनीला वाटलं. रशीदाला वाटलं, हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं. खैरुद्दीननं मान हलवली. 'अब्बा' ही हाक त्यानं ऐकली नाही ती नाहीच.

मुन्नी हॉस्पिटलच्या मागच्या पडवीत होती. रशीदा तिच्या बोटांना मलमपट्टी करायची. कुणीही माणूस जवळ आला, झाडूवाला असो की डॉक्टर, की ती डोळे गच्च आवळून डावा हात पुढं करायची. टोचा म्हणायची. कुणी टोचत नसे, तरी हात तसाच. एवढ्या मोठ्या प्रोग्राममधून त्या वानराच्या पोराला तेवढाच एक शब्द शिकवला गेला होता. रशीदानं अजीजसाठी आवरलेलं रडं शेवटी त्या पडवीत बाहेर पडलं.

अजीजच्या चाळिसाव्याला बायका जमल्या. कुराणखानी झाली, चहा फिरला, आणि कोपऱ्यात कुजबुज सुरू झाली.

"मुन्नीनं थांबा सांगितलं होतं, नाही का?"

"हो ना. थांबले असते तर... चाकू लावला आणि पोर गेलं."

"काहीही म्हणा, जनावराला कळतं."

हव्वाबीनं मान हलवली. रशीदा हातातला ट्रे खाली ठेवून उभी राहिली. धाकट्या सुनेनं भरल्या घरात बोलायचं नसतं, हे तिला माहीत होतं. बरीच वर्षं तिनं ते पाळलंही होतं.

"खाला," ती म्हणाली, "तो 'थांबा' माझ्या बोटात टोचलेला होता. हे बघा, व्रण आहे अजून. मुन्नी काही बोलली नव्हती. तिला दुखत होतं, एवढंच. आपण तिच्या दुखण्याला भाषा म्हणालो आणि अजीजच्या दुखण्याकडं बघितलंच नाही. मी तुम्हाला ईमान सोडा म्हणत नाही. एवढंच म्हणते, कुणी करामत दाखवली, मग ती पिराच्या नावानं असो की अमेरिकेच्या, की पहिल्यांदा रुमाल उचलायला सांगा. खरं असेल तर खऱ्याचं काय बिघडतंय? आणि जो रुमाल उचलू देत नाही, त्याच्या हातात पोर देऊ नका."

बायकांनी माना खाली घातल्या. पटलं म्हणून नव्हे, सुनेनं तोंड उघडलं म्हणून. हव्वाबी कडाडली, "बस झालं! मोठ्यांच्या तोंडाला—"

तेवढ्यात भिंतीजवळून शहरबानू उठली. कुलसुम तिच्या खांद्यावर रडत होती. तिनं पोरीचं टोपडं मागं सारलं आणि सगळ्या बायकांच्या मधून चालत रशीदासमोर येऊन उभी राहिली. पोरीच्या कानातून पिवळं पाणी आलं होतं, पाळीवर वाळलेलं.

"रशीदा, कालपासून कान वाहतोय," ती म्हणाली. आवाज गच्चीपर्यंत जाईल एवढा मोठा होता. "मी कुणाला विचारणार नाही. तू चपला घाल."

"शहरबानू!" हव्वाबी ओरडली. दारात खैरुद्दीन उभा होता. त्यानं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि दारातून बाजूला झाला.

"टॅक्सी कोपऱ्यावर मिळेल," तो म्हणाला. "थांबू नका."